फी तासाची की जागेची

एका रविवारी सकाळी सतरंजी अंथरून, पेटीवरचं कापड बाजूला करून मी वाट बघत बसले आणि कोणीही आलं नाही. सगळं तिथून सुरू झालं.

रविवार खरं तर माझा सुट्टीचा. त्या दिवशी धुळ्याला माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं. मी गाणं म्हणावं म्हणून बहिणीने दोनदा फोन केला होता. मी नाही म्हणाले, कारण प्रकाशा गावच्या एका बाईंना शब्द देऊन बसले होते. त्यांची मुलगी नववीत. माझ्याकडे गाणं शिकायची. आधी लग्नसराई, मग घरी पाहुणे, मग केळीची काढणी, असं करत तिचा जवळजवळ सगळा महिना बुडाला होता. शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर आलं तशी बाईंनी माझ्या मागे लकडाच लावला, की बुडालेले तास रविवारी भरून काढा. त्या सकाळी दहा वाजून गेल्यावर मीच फोन केला.

"अहो मॅडम, सांगायचंच राहिलं बघा. आज व्यापारी उना ना केळी बघायला! आन् पोरगी तं आत्याकडे गयी. पुढच्या रविवारी करू ना, काय एवढं!"

मी फोन ठेवला. समोर नवरा पोहे खात बसला होता. तो लोणखेड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे. चिडलेल्या माणसासमोर गप्प बसायचं त्याला चांगलं जमतं. पण त्या दिवशी तो बोलला. "मग धुळ्याला जायचं का आता? एस.टी. मिळेल अजून."

"जेवणं उरकून गेल्यावर पोचू तिथे," मी म्हणाले आणि कागद शोधायला उठले.

शहाद्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं गाणं आणि पेटी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण जळगावात झालं, माझ्या गुरुजींच्या घरी. तिथे फी हा शब्दच नव्हता. आम्ही मुली त्यांच्याकडे दळण आणून द्यायचो, तानपुरे पुसायचो, दिवाळीला वडील काहीतरी पाकिटात घालून द्यायचे. पण तास चुकवायची कोणाची छाती नव्हती. ताप अंगात असला तरी जायचं, आणि गुरुजींनी "घरी जा" म्हटलं की मगच घरी यायचं. ते सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे मात्र त्याच्या बरोबर उलटं चालायचं. शाळा, शिकवणी, कराटे, वाढदिवस, पाव्हणे, पोट दुखणं, स्कूटी पंक्चर होणं, या सगळ्यातून उरलंच काही तर गाणं. एका आईने तर मला सांगितलं होतं, "मॅडम, तिला आज अभ्यास नव्हता, कंटाळली होती, म्हणून पाठवली."

कागदावर मी नियम लिहिले. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यायची. येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगायचं, तरच तो तास भरून मिळेल. न सांगता सलग तीन तास चुकले तर ती वेळ दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली जाईल. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य, जे मी चार वेळा खोडून पाचव्यांदा नीट लिहिलं: फी ही झालेल्या तासांची नसून तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेची आहे.

त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. प्रकाशाच्या बाई दर महिन्याला बुडालेले तास वजा करून फी द्यायच्या, त्यावरचा हा रामबाण उपाय आहे असं मला वाटलं.

नवऱ्याने कागद वाचला. "चांगलं आहे. पण मुलं तुटतील."

"आहेत कुठे मुलं तुटायला? बघ ना खोलीत!"

सोमवारी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी तो कागद टाइप करून, लॅमिनेट करून आणला आणि पुढच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवला. फोटो काढून पालकांच्या ग्रुपवरही टाकला. दिवसभरात भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने गुलाबाच्या फुलावर सुप्रभात पाठवलं. संध्याकाळी एका वडिलांनी विचारलं, "मॅडम उद्या क्लास आहे का?" तो क्लास कधीपासून आहे आणि कोणत्या वारी आहे, हे मला त्यांना दर आठवड्याला सांगावं लागायचं. नियम कोणी वाचले असतील असं मला वाटलं नाही.

एका माणसाने मात्र वाचले. शुक्रवारी प्रकाशाच्या बाई स्वतः आल्या, पांढरी गाडी दारात लावून. त्या स्वतः गाडी चालवतात. तापीच्या काठी त्यांची केळी आणि उसाची मोठी शेती. मूळचं घराणं गुजरातकडचं, पण इथे इतक्या पिढ्या झाल्या आहेत की ते फक्त घरातल्या बोलण्यात उरलंय. बाई कंजूस अजिबात नाहीत, हे मला आधी सांगितलं पाहिजे. येताना कधी केळीची फणी, कधी पपई, कधी घरचा गूळ. माझं स्वयंपाकघर त्यांच्या पिशव्यांनी भरलेलं असायचं. त्यांना फक्त न झालेल्या कामाचे पैसे द्यायला जिवावर यायचं.

त्यांनी दारावरचा कागद उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला. मुलगी मागे ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"जागेचे पैसे?" बाई म्हणाल्या. "मग सातबाऱ्यावर नाव लावा ना आमचं!"

"ताई, जागा म्हणजे वेळ. मंगळवार-शुक्रवार पाच वाजता मी दुसऱ्या कोणाला घेत नाही. तुमच्या मुलीसाठी ती वेळ मोकळी ठेवते."

"मग घ्या ना दुसऱ्या कोणाला! आम्ही कुठे अडवलं?"

"आणि तुम्ही आलात तर?"

"तर मग दोघींना सोबत शिकवा. गाणंच तर आहे."

मी श्वास घेतला. "ताई, एकीला सा लावता येत नाही आणि दुसरी यमनचे आलाप करते. दोघींना सोबत कसं शिकवू?"

"हे बघा मॅडम," त्या आता समजुतीने बोलू लागल्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "आमच्या शेतात माणूस आला तर हजेरी लावतो आम्ही. नाही आला तर नाही लावत. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?"

"पण इथे न येणारी तुमची मुलगी आहे! मी तर आलेली असते. मी इथेच बसलेली असते!"

"तुमचं तर घरच आहे हे."

  मी एवढंच म्हणाले, "मी मजूर नाही, ताई." माझा आवाज चढला होता. पुढच्या तासाच्या, लवकर येऊन पेटीवर सरगम वाजवत बसलेल्या दोन मुली थांबल्या.

"मी तसं कुठे म्हटलं?" बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, मुलीला म्हणाल्या, "चल." मुलगी जाताना माझ्याकडे बघत होती. नुकते तिचे आलाप कुठे सुटे व्हायला लागले होते. पिशवीत सीताफळं होती. आम्ही ती खाल्ली नाहीत, आणि मग ती काळी पडल्यावर शेजारच्या गायीला घातली.

त्याच काळात माझ्याकडे एक चाचा शिकत होते. बाजारातल्या गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. साठी उलटलेले. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता, दुकान मुलावर सोपवून यायचे. बायकांच्या हातात बांगड्या चढवून त्यांची बोटं इतकी हलकी झालेली, पण पेटीच्या पट्टीवर आली की लाकडासारखी व्हायची. लहानपणी गावात कव्वालीवाले आले की त्यांची पेटी डोक्यावर घेऊन स्टँडपासून मंडपापर्यंत हेच जायचे. वाजवायला मात्र कोणी दिली नाही. ती राहून गेलेली गोष्ट या वयात करायची होती. रियाज अजिबात नाही. पण वेळेला पक्के, फीला पक्के. दारावरचा कागद वाचून दाखवायला त्यांनी मलाच सांगितलं, आणि मी वाचून दाखवल्यावर मान डोलावून म्हणाले, "बरोबर शे मॅडम. दुकानात बी असंच पाहिजे."

आणि मग चाचा यायचे बंद झाले.

पहिल्या मंगळवारी मला वाटलं, दुकानात गर्दी असेल. लग्नाचे दिवस. पुढच्या आठवड्यात फोन केला तर मागे बायकांचा कलकलाट आणि चाचांचं घाईचं "येतो, येतो मॅडम". आले नाहीत. तीन तास चुकले, नियमाप्रमाणे जागा गेली. मी मनातल्या मनात ती काढून घेतली सुद्धा. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी फोनवर त्यांची पूर्ण फी आली. पुढच्या महिन्यातही तेच. माणसाचा पत्ता नाही, फी मात्र ठरल्या दिवशी.

हाच का तो न्याय, असं मला झालं. एक बाई मुलीला आणून फी कापत होती, आणि एक गृहस्थ न येता फी भरत होते. मी केलेले नियम दोघांनाही लागू पडत नव्हते.

त्यातच लोणखेड्याच्या कॉलेजातली एक मुलगी आली. पहिल्या वर्षाला होती, धडगावकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. घरी पावरी बोलणारी, माझ्याशी मराठी जपून जपून बोलायची, प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघितल्यासारखी. कॉलेजच्या कार्यक्रमात तिने म्हटलेलं गाणं माझ्या नवऱ्याने ऐकलं होतं, त्यानेच तिला पाठवलं. मी सा दिला आणि तिने तो जो लावला, त्याने खिडकीची सैल झालेली काच थरथरली. डोंगरात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर पोचवायचा असतो तसा तो आवाज. त्याला आवरायला शिकवायला मला फार आवडलं असतं.

"तुला कधी जमेल?"

"मंगळवार, शुक्रवार. चार वाजता. बाकी दिवशी प्रॅक्टिकल असतं. आणि सहाच्या आत गेटवर सही करावी लागते."

"चार वाजता एक चाचा असतात."

तिने खोलीत पाहिलं. मंगळवार होता, चार वाजून गेले होते. सतरंजीवर आम्ही दोघीच होतो.

"ते कुठे आहेत?" तिने विचारलं.

मी तिला म्हणाले, विचारून सांगते. त्यानंतर ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारात डोकावून जायला लागली. "मॅडम, चाचा आले?" नाही म्हटलं की मान हलवून जायची. पैसे भरलेला तास रिकामा, आणि मी त्यात बसून. झोपावं तर फी घेतलेली, भाजी निवडावी तर चाचा आले तर काय, असं करत मी नुसती चिडून बसायचे. शेवटी एका मंगळवारी मी त्यांच्या वेळेत त्यांच्याच दुकानात गेले.

गल्ल्यावर मुलगा होता. "अब्बा वर आहेत," तो म्हणाला आणि बाजूच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

वरच्या खोलीत पलंगावर चाचांची बायको उशांना टेकून बसवलेली होती. चाचा बशीतला चहा चमच्याने तिला पाजत होते. तिच्या तोंडाची एक बाजू ओघळली होती, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडला होता. मला बघून चाचा गडबडले, चहा चादरीवर सांडला.

लकवा मारून दोन-अडीच महिने झाले होते. दुपारी चारला सून मुलांना शाळेतून आणायला जाते, मुलगा दुकानात, म्हणून त्या वेळेला चाचांना घरी बसावं लागतं. एवढं त्यांनी खाली बघत सांगितलं.

"मग मला सांगायचं ना, चाचा!"

"काय सांगू? सांगितलं असतं तं तुम्ही पैसा घेतला नसता."

"मग नसता घेतला!"

"तं जागा गयी असती." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुम्हीच लिखेल शे ना मॅडम, फी जागेची. मी तं पैसा बरोबर भरी ऱ्हायनू. विसरवाडीला हायवेवर मन्हा एक गाळा शे. वरीस झालं, शटर बंद. भाडं भरस मी. मालक विचारत नाही, शटर का बंद."

बाईंना हरवायला केलेलं माझं ते वाक्य, तेच चाचा माझ्यासमोर धरून बसले होते. मी म्हणाले, एक मुलगी आहे, गरजू आहे, तुमच्या वेळेत तिला बसवते, तुम्ही याल तेव्हा या.

"नाही," चाचा म्हणाले.

"अहो, जागा तुमचीच राहील."

"दुसऱ्याला दिली म्हणजे मन्ही कशी राहील? हप्त्यात दोन तास, मॅडम. बाकी सगळा टाइम दुकानाचा, घराचा. ते दोन तेवढे ठेवा."

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. शब्द जड, अर्धवट, पण नजर थेट माझ्यावर. "ये सच में बजाते क्या?"

चाचा एकदम चादरीवरचा चहा पुसायला लागले. त्यांनी बायकोला घरी काय काय सांगितलं असेल ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. वर्षभरात त्यांचा सा, रे, ग आणि एक मोडकातोडका अलंकार एवढंच झालं होतं.

"बजाते हैं," मी म्हणाले. "हळूहळू येतंय."

ती अर्ध्या तोंडाने हसली.

जिना उतरताना मला चाचांचा राग आला होता, खोटं बोलले म्हणून स्वतःचा आला होता, आणि माझ्यावरच उलटला म्हणून त्या कागदाचाही आला होता. पुढच्या शुक्रवारी दारात पुन्हा ती मुलगी. "मॅडम, चाचा आले?" मी तिला म्हणाले, "ये आत, बस." आणि चाचांना मेसेज लिहिला, नीट, मोठ्या अक्षरांत: तुम्ही येईपर्यंत तुमच्या वेळेत एक मुलगी बसेल, तुमची जागा तुमचीच आहे, या महिन्यापासून फी पाठवू नका. पाच मिनिटांत अंगठा आला. मला हायसं वाटलं. पहिल्या तारखेला फी आलीच, पण ती मी परत पाठवली, तर त्यावरही अंगठा.

मुलगी शिकायला लागली. तिला हळू गायला शिकवणं हेच मुख्य काम होतं. "इथे समोर मीच आहे, नदीपलीकडे कोणी नाही," असं मला दर थोड्या वेळाने सांगावं लागायचं. ती हसून जीभ चावायची आणि पुढचा सूर पुन्हा नदीपलीकडे जायचा.

असे काही आठवडे गेले आणि एका शुक्रवारी चार वाजून गेल्यावर दारात चाचा उभे. इस्त्रीचा कुर्ता, डोक्याला तेल. मुलगी त्यांच्या जागेवर, पेटीसमोर बसलेली. चाचा बघतच राहिले.

"मॅडम, ही कोन शे?"

"मी मेसेज केला होता, चाचा."

"कसला मेसेज?"

"तुम्ही अंगठा दिला होतात!"

"अंगठा तं मी सगळास्ले देस!" चाचांचा आवाजही चढला. "माले मराठी कुठे पटकन वाचता येतं? मन्ही जागा शे ना ही? सांगा ना!"

मुलीने वही पिशवीत घातली. "मी जाते, मॅडम."

"कोणीही उठायचं नाही!" मी ओरडले. इतक्या जोरात की पलीकडच्या घरातली बाई खिडकीत आली. "बसा! चाचा, तुम्हीही बसा!"

चाचा खाली बसले, चपला काढायच्या विसरून, मग पुन्हा उठून चपला काढल्या आणि बसले. आणि मी जी सुरू झाले. आदल्या दिवशी सांगा म्हटलं तर कोणी सांगत नाही. वाचा म्हटलं तर कोणी वाचत नाही. जो येतो तो पैसे कापतो, जो पैसे भरतो तो येत नाही, आणि जिला यायचंय तिला वेळ नाही. मी काय एस.टी. स्टँडवरचा बाकडा आहे का? तुम्हाला वाटेल तेव्हा बसा, वाटेल तेव्हा रुमाल टाकून जा! बोलता बोलता मी प्रकाशाच्या बाईंनाही झोडपून काढलं, त्या तिथे नसताना. दोघंही खाली मान घालून ऐकत होते, त्यांचा त्यातल्या निम्म्या गोष्टींशी काही संबंध नसताना.

मी दमून थांबले. मग चाचा मुलीकडे वळून हळूच म्हणाले, "काय शिकाडं तुले मॅडमनी?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, म्हण. तिने भूपाची सरगम म्हटली. चाचा ऐकत राहिले.

"आवाज चांगला शे पोरीना," ते मला म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "आज सून लवकर उनी. तिनेच पाठवलं मला." ती म्हणजे बायको. "बोलली, जा, एक चीज नीट शिकून ये आणि मला ऐकव. पडल्या पडल्या कंटाळा येतो तिला." त्यांना अर्धा तासच होता.

मी पेटी त्यांच्याकडे सरकवली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मुलीला म्हणाले, तू म्हण, चाचा वाजवतील. चाचांची बोटं पट्ट्यांवर अडखळायला लागली. सा सापडला. रे सापडला. ग वर चूक, पुन्हा चूक. आणि ती मुलगी ग धरून बसली. चाचांचं बोट बरोबर पट्टीवर येईपर्यंत तिने तो सोडला नाही. मग प. मग ध, तिथेही तसंच. श्वास संपत आला की डोळे मोठे व्हायचे तिचे, पण सूर हलायचा नाही. चाचांच्या कपाळावर घाम आला होता.

यात दोघांचंही शिक्षण होत नाही, हे मी तेव्हाही जाणून होते. तिचा ताल बिघडतो आणि त्यांना आधाराची सवय लागते. गुरुजींनी बघितलं असतं तर आम्हा तिघांनाही बाहेर काढलं असतं. पण तीच घडी बसली. चाचा जमेल तेव्हा येतात, आले की अर्धा तास ती गाते आणि ते वाजवतात, उरलेला वेळ तिचा. फीवरून मात्र चाचांशी माझं खरं भांडण झालं. ते पूर्ण द्यायला बसलेले, मी घ्यायला तयार नाही. बांगड्यांच्या दुकानात उभी राहून मी माझीच फी खाली उतरवायला घासाघीस करत होते आणि गिऱ्हाईक बायका हातातल्या बांगड्या तशाच धरून ऐकत होत्या. अखेर अर्ध्यावर ठरलं. चाचांना तोटा झाल्यासारखं वाटलं असावं, त्यांनी निरोप घेताना माझ्या हातात डझनभर काचेच्या हिरव्या बांगड्या चढवल्या. बायकोची तब्येत आता बरी आहे, काठी धरून मोरीपर्यंत जाते. चाचांनी एक जुनी पेटी घरी घेतली आहे. बायको रोज सकाळी ऐकते आणि, चाचांनीच सांगितलं, थोड्या वेळाने म्हणते, बस हो गया.

दारावरचा कागद मी काढला नाही. त्यातलं ते शेवटचं वाक्य फक्त कापून टाकलं. लॅमिनेट केलेला कागद कापल्यावर तिथे हवा शिरते आणि आता तो खालून फुगलाय.

दिवाळीनंतर प्रकाशाची मुलगी आली. एकटीच, एस.टी.ने, दप्तर पाठीला. मी दारात जाऊन गाडी आहे का बघितलं, गाडी नव्हती.

"आईला माहीत आहे का तू आलीस ते?"

"हो. आई म्हणाली, तुला जायचं तर बसने जा. मी गाडी काढणार नाही, मॅडमशी भांडणार पण नाही."

ती खाली बसली आणि कोणी सांगायच्या आत सा लावला. आईशी भांडून बसने यायची परवानगी मिळवलेली असल्यामुळे की काय, त्यानंतर तिने एकही तास चुकवला नाही. लग्न असलं तरी नाही, व्यापारी आला तरी नाही. बाई महिना संपल्यावर झालेल्या तासांचे पैसे पाठवायच्या, त्यांच्या पद्धतीने. पण सगळेच तास झालेले असल्यामुळे रक्कम माझ्या पद्धतीनेही बरोबर भरायची. आमच्या दोघींपैकी कोण खरं, हा प्रश्न कित्येक महिने कोणाला विचारावाच लागला नाही.

मग गेल्या महिन्यात एस.टी. रस्त्यात बंद पडली. मुलगी निम्म्या वाटेत उतरून परत घरी गेली. तिचा निरोप आला तोवर पाच वाजून गेले होते आणि मी पेटी उघडून बसले होते. महिनाअखेरीला बाईंचे पैसे आले, एक तास वजा.

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"ताई, मी त्या दिवशी बसले होते."

"माहीत आहे मला, मॅडम," बाई म्हणाल्या. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "पण पोरगी पण बसलीच होती ना, रस्त्यात, उन्हात. तिची काय चूक?"

"चूक तिची नाही. माझीही नाही."

"मग एस.टी.वाल्याकडून घ्या ना!"

"ताई!" मी म्हणाले.  मग म्हणाल्या, "बरं, अर्धा तास तुमचा, अर्धा आमचा. चालेल?"

"नाही चालणार," मी म्हणाले.

"मग सीताफळं पाठवते."

"ताई, फी!"

"हो हो, ऐकलं," त्या म्हणाल्या, आणि ट्रॅक्टरवाल्याला काहीतरी ओरडून सांगत त्यांनी फोन ठेवला. पैसे अजून आलेले नाहीत. सीताफळं शुक्रवारी मुलीच्या दप्तरात आली, पिकलेली, आणि या वेळी आम्ही ती खाल्ली.